मंगळवारची ओटी

आमच्या घरात ओटी हा शब्द सारखा कानावर पडायचा आणि त्यात माझ्या वाट्याचं काहीही नसायचं. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत होते. पाळी संपल्यावर ते आणखी थांबले की ती त्यांची ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. आणि माझ्या धाकट्या भावाला आई दर मंगळवारी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात न्यायची ती त्याची ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. एवढा लांबलचक शब्द आमच्यापैकी कुणाच्या तोंडात बसत नव्हता, म्हणून सगळे ओटीच म्हणत. मी नऊ वर्षांची होते. मला शाळा होती, पाढे होते, कोपऱ्यावरच्या नळावरून कळशी भरून आणायचं काम होतं. त्याला कुणी काही नाव ठेवलेलं नव्हतं.

भाऊ साडेचार वर्षांचा. जन्मल्यापासून त्याच्या उजव्या हाताची मूठ वळलेली असायची. अंगठा आत, चार बोटं त्याच्यावर आणि कोपर छातीशी. आई एकेक बोट धरून ती मूठ उघडायची, सोडलं की परत मिटायची. चालताना उजवा पाय जरा चवड्यावर पडायचा. बाकी पोरगं देखणं होतं. हे मी आज म्हणते आहे. तेव्हा मला त्याचं सगळंच डोळ्यांत खुपायचं, अगदी त्याच्या पापण्यासुद्धा. त्या माझ्यापेक्षा लांब होत्या.

चिपळूणहून काका आले की त्याला जवळ घेऊन म्हणायचे, "अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची!" आणि स्वतःच हसायचे. आई चहा ठेवायला आत जायची आणि काकांच्या चहात साखर कमी पडायची.

तिने सगळं करून पाहिलं होतं. तेल झालं, शेक झाला, कुणी सांगितलेला गंडा झाला. एका डॉक्टरांनी मोठा झाला की आपोआप सुटेल असं सांगून बोळवण केली होती. पण नव्या वसाहतीतल्या शाळेच्या मोठ्या बाईंनी त्याला बघितलं आणि म्हणाल्या, "डाव्या हाताने लिहील हो, पण पाटी कोण धरणार? दुसरा हात थोडा कामाला लागला की जूनमध्ये आणा." त्या दिवसापासून आईच्या तोंडी जून सोडून दुसरा महिना नव्हता.

वडिलांनी कंपनीच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मुलाला ओटी लागेल."

"साहेब, मी करतोच आहे ओटी," वडील म्हणाले. "अजून किती करू?"

डॉक्टरांना आधी कळेचना. मग ते इतके हसले की कंपाउंडर बघायला आला. हसून झाल्यावर त्यांनी नीट समजावून सांगितलं, की मुंबईला लहान मुलांच्या हातापायांना कामाची सवय लावणारा एक विभाग असतो, तिथे औषध नसतं, सुई नसते, मुलांना खेळवून शिकवतात. वडिलांनी घरी येऊन हे आईला सांगितलं तेव्हा मी पलीकडे बसून ऐकत होते. खेळवून शिकवतात. मला कुणी खेळवून शिकवलेलं नव्हतं. मला सातचा पाढा फूटपट्टीने शिकवला होता.

तेव्हा आम्ही वाशीगावात भाड्याने राहायचो. घरमालकीण काकी तिथलीच, आगरी. तिची भातखाचरं नव्या शहरात गेली होती आणि घरामागे चार खोल्या काढून ती आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना देत होती. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे थांबायचं असं ठरलं. सोमवारी संध्याकाळी मी तिच्या ओसरीवर जाऊन फुरंगटून बसले.

"काय झालं गो?" काकी म्हणाली.

"उद्या आमच्या भावाची ओटी आहे."

कारण तिथे खेळवून शिकवतात आणि वर ओटीही भरतात, असं मला खरंच वाटत होतं. ओटी म्हणजे तांदूळ, नारळ आणि खण, हे मला ठाऊक होतं. ती बायकांची भरतात हेही ठाऊक होतं. आमच्या घरात आईच्या खालोखाल बाई म्हणजे मी. मग हक्काची ओटी कुणाची? तीसुद्धा त्यालाच?

काकीने सुकट निवडता निवडता हात थांबवला. "पोराची कवा ओटी भरतान का?" मग तिचं तिनेच उत्तर काढलं. "मंगलवार हाय न उद्या? देवीचा वार. तुजी आयस त्याला देवीला नेत आसंल. हाताचा नवस आसंल."

मी मान डोलावली. देवी असली तर तिला तरी कळायला हवं होतं की मोठी कोण आहे.

दुसऱ्या दिवशी आई भावाला कडेवर घेऊन बाहेर पडते तोच काकी पिशवी घेऊन दारात उभी. पिशवीत नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, हिरवा खण. "माजी पन येक ओटी दे देवीला. पोराचा हात सुटंल." बसची वेळ झाली होती आणि काकीला काही समजावून सांगायचं म्हणजे दुपार झाली असती. आईने पिशवी घेतली आणि ती पूल ओलांडून मुंबईला गेली.

पुढचं मी आईकडून ऐकलं. इतक्यांदा ऐकलं, की मी तिथे नव्हते हे मला पटत नाही. ओटीच्या बाई एक तरुण मुलगी होती, वसईकडची ख्रिश्चन, फ्रॉकवर पांढरा एप्रन घातलेली. तिने विचारलं, "पिशवीत काय आणलंय? खाऊ?" आई खरं काय ते सांगायला गेली आणि अर्ध्यावर तिला रडू फुटलं, त्यात हसूही आलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने त्या बाईंचीच ओटी भरली. बिनलग्नाची ख्रिश्चन पोर, पदर नाही, कुंकू नाही. तिने एप्रनची दोन टोकं धरून समोर पसरली आणि "असं का?" म्हणून उभी राहिली. आईने ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला.

हे बघून आमच्या बंधुरत्नालाही ओटी भरायची हुक्की आली. त्याने वळलेली मूठ पिशवीत खुपसली. चार दाणे बोटांच्या फटींत अडकून वर आले. मग तो बाईंच्या एप्रनवर मूठ धरून उभा राहिला आणि ती उघडेना. आई सवयीने त्याची बोटं सोडवायला पुढे झाली, तर बाईंनी तिला थांबवलं. त्याचा तळवा आधी टेबलावर टेकवून घेतला, त्याच्यावर अंगाचा भार देऊन त्याला झुकवलं, मनगटाशी हळूहळू चोळलं आणि पुन्हा एप्रन पसरून वाट बघत राहिल्या. फार वेळाने दोन दाणे पडले. बाकीचे हातातच राहिले.

"घरी रोज हेच करायचं," बाई म्हणाल्या. "असंच तांदूळ घ्यायचे आणि तुमच्या ओटीत टाकायचे. धरायला जमतंय त्याला, सोडायला जमत नाही. पण बोटं तुम्ही उघडायची नाहीत. त्याने उघडायची."

अशी आमच्या घरात तिसरी ओटी आली. आधीच्या दोन बाहेर तरी होत्या. ही रोज संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत भरायची.

दिवाबत्ती झाली की आई मांडी घालून बसायची. समोर तांदळाचं ताट, ताटापलीकडे भाऊ. पदर पसरून ती त्याच्याकडे अशी बघायची की जगात दुसरं कुणी नाहीच. तो तळवा जमिनीला टेकून झुकायचा, मूठ ताटात घालायचा, मग तिच्या पदरावर आणायचा. एक दाणा पडला की "शाब्बास माझ्या राजा!" दोन पडले की मुका. मी पलीकडे भिंतीला टेकून पाढे म्हणायची, मुद्दाम मोठ्याने. तेरा सत्ते एक्याण्णव. कुणी ढुंकून बघत नसे.

एकदा मला राहवलं नाही. मी पाढे सोडून उठले, दोन्ही हातांची ओंजळ भरून तांदूळ उचलले आणि आईच्या पदरात रिकामे केले. एका दमात. एक दाणा खाली सांडला नाही. वर बघितलं. आई म्हणाली, "तुझं काय, तुला येतंच." आणि तांदूळ परत ताटात ओतले, कारण त्याला मोकळा पदर लागायचा.

तुला येतंच. आईने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने अगदी कौतुकाने म्हटलं. माझी वेणी मी घालायची, कारण मला येतंच. माझं ताट मी घ्यायचं, कारण मला येतंच. मंगळवारी काकीकडची आंबट आमटी गिळायची, कारण मला येतंच. आणि तो तिकडे मोठ्या रंगीत चेंडूवर पोटावर झोपून हिंदकळायचा, दोरीच्या झोक्यावर बसायचा, मातीचे साप करायचा. घरी येऊन रंगवून सांगायचा. जातायेता बसच्या खिडकीशी आईच्या मांडीवर बसून खाडी बघायची आणि परतताना स्टॉपवर वडा. वड्याचा वास त्याच्या तोंडाला यायचा. मी मुद्दाम जवळ जाऊन हुंगायची आणि तळपायाची आग मस्तकात घेऊन लांब जायची.

मग मीही मूठ वळली. अंगठा आत, चार बोटं वर, कोपर छातीशी, हुबेहूब. सकाळपासून ठेवली. शाळेत डाव्या हाताने लिहिलं, बाईंनी हातावर पट्टी मारली, तरी उघडली नाही. घरी आले आणि आईसमोर जाऊन उभी राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं. आईच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट उघडलं. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. सावकाश. आता तिला त्याची बोटं अशी उघडायची परवानगी नव्हती, माझी उघडता येत होती. माझ्या सगळ्या बालपणात इतकं सुख मला कशाचं झालं नाही. अंगठ्यापाशी तिच्या ध्यानात आलं. "सोंगं पुरे झाली," म्हणाली आणि पाठीत एक धपाटा घातला. तोसुद्धा चालला असता, पण लगेच ती त्याला शोधायला गेली.

माझ्याकडे एकच गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती. सागरगोटे. खाडीकडच्या काटेरी झुडपातून काकीने मला ते आणून दिले होते, राखाडी, गुळगुळीत, पाच. मंगळवारच्या रिकाम्या दुपारी तिच्या ओसरीवर बसून बसून मी त्यात इतकी तरबेज झाले की गावातल्या मोठ्या मुली मला डावात घ्यायला लागल्या. एक उडवायचा, खालचे चार एका झपाट्यात उचलायचे आणि वरचा पडायच्या आत झेलायचा. भाऊ उंबऱ्यात बसून बघायचा. मी त्याला हात लावू देत नसे. कशाला देऊ? त्याने त्याचा झोका मला दिला होता का?

मे महिन्यात, सुटी लागल्यावर, आई एका मंगळवारी घरी येऊन म्हणाली, "पुढच्या वेळी तुलापण बोलावलंय बाईंनी. सागरगोटे घेऊन ये म्हणाल्या."

तो आठवडा मी हवेत होते. दोन रिबिनी लावल्या, धुतलेला फ्रॉक घातला. मनात पक्कं केलं होतं की गेल्या गेल्या झोक्यावर बसायचं. बसमध्ये खिडकीशी आई, आईच्या मांडीवर तो, आणि मी कडेला. पुलावर खाडी आली ती मला त्याच्या डोक्याआडून जेवढी दिसली तेवढीच दिसली. हॉस्पिटलात झोका होता, चेंडू होता, सगळं तो सांगायचा तसंच होतं. मी झोक्याकडे निघाले तर बाई म्हणाल्या, "तो तुझ्यासाठी नाही ग, तुला काय झालंय?" मला काही झालेलं नव्हतं हेच तर माझं दुखणं होतं.

"हीच का ती?" बाईंनी भावाला विचारलं. त्याने जोरात मान हलवली. मग त्या मला म्हणाल्या, "काय ग, तू काय करतेस हातांनी एवढं? मी ह्याला सुरुवातीलाच विचारलं, हात चांगला झाला की काय करशील? मला वाटलं शाळा म्हणेल, पाटी म्हणेल. हा म्हणतो, ताईसारखं करीन. उडवीन आणि झेलीन. दर वेळी तेच. मग म्हटलं, बघू तरी ताई कोण आहे."

मी आईकडे बघितलं. हे तिलाही नवीन होतं. पहिला दिवस सोडला तर ती बाहेर बाकावर बसायची, आत काय बोलणं होतं ते तिला माहीत नसायचं. तिची समजूत होती की तो तिच्यासाठी आणि जूनसाठी मूठ उघडतो आहे. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्याचं मला स्पष्ट दिसलं आणि मी ते मनापासून चाखलं.

खाली सतरंजीवर बसून मी खेळून दाखवलं. एक्का, दुर्री, सगळं. एक डाव चुकले नाही. बाई टाळ्या वाजवत होत्या, दुसरी मुलं सरकत सरकत जवळ आली. मध्येच मी भावाकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत नव्हता. त्याला वाजवताही येत नव्हत्या. खालचा ओठ पुढे काढून तो माझ्या हाताकडे टक लावून बघत होता, वर, खाली, वर, खाली. ते तोंड मी चांगलं ओळखत होते. दर मंगळवारी काकीच्या आरशात बघत होते की. माझ्यावरही कुणी इतकं जळू शकतं हे मला त्या दिवशी कळलं आणि मला अतिशय बरं वाटलं.

परतताना वडा मिळाला. तो मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

त्यानंतरच्या एका दुपारी आई धुणं घेऊन विहिरीवर गेली होती. मी आतल्या खोलीत खेळत होते. भाऊ आला आणि समोर फतकल घालून बसला. त्याने उजवा तळवा जमिनीला टेकला आणि झुकला, आईसमोर झुकायचा तसा. मग माझ्या पाचातला एक सागरगोटा डाव्या हाताने ढकलत ढकलत उजव्या मुठीत घेतला. मी ओरडणार होते. पण त्याने मूठ माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "ताई, ओटी कर."

मी फ्रॉकचा घेर पसरला. माझी ओटी भरायला कुणी पुढे आलं ते हे पहिल्यांदाच.

मूठ उघडेना. त्याचं कपाळ घामाने भिजलं, जीभ बाहेर आली, कोपर छातीकडे ओढायला लागलं. विहिरीवरून धुणं आपटल्याचा आवाज येत होता. "तू उघड," तो म्हणाला.

मला उघडता आली असती. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. पण मी फ्रॉक धरून बसले. "मी नाही," मी म्हणाले. "तुझी तू उघड. तुला येतंच."

हे शब्द कुणाचे होते ते त्याला माहीत होतं, कारण ते तो माझ्याइतकेच ऐकत आला होता. फक्त त्याला आजवर कुणी म्हटले नव्हते. तो माझ्याकडे बघत राहिला. आणि मग अंगठ्यावरचं एक बोट सुटलं, त्याच्यामागून दुसरं, आणि अंगठा असा बाहेर आला की सागरगोटा नुसता घरंगळला नाही, पडला. माझ्या ओटीत पडला. त्याचा तळवा मी पहिल्यांदाच असा आपोआप उघडलेला बघितला. मऊ, पांढुरका, रेघांना घाम.

"परत दे," तो म्हणाला. "परत."

बादली घेऊन आई दारात आली. "काय चाललंय रे दोघांचं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी फ्रॉक सारखा केला. "काही नाही," मी म्हणाले. सगळे मंगळवार तिच्याकडे होते, मला ही एक दुपार पुरली असती.

संध्याकाळी तिने पदर पसरला. त्याने तांदळाची मूठ तिच्या पदरावर नेली आणि उघडली. तांदूळ सगळा खाली आला. आई रडली, हसली, काकीला हाका मारल्या. काकी धावत आली आणि देवी पावली म्हणाली. कंपनीतून वडील आल्यावर त्यांच्यासाठी सगळं पुन्हा करून दाखवलं. जूनमध्ये तो शाळेत गेला. उजव्या हाताने पाटी दाबून धरायचा, डाव्याने लिहायचा. झेलायला त्याला कधीच जमलं नाही, उडवायला मात्र जमलं. मी झेलायची.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. भाऊबिजेला आम्ही जमलो की ती ती गोष्ट नातवंडांना सांगतेच. काकीची पिशवी, बाईंचा एप्रन, आणि मग शेवटी, छातीवर हात ठेवून, "आणि पहिली मूठ कुणाच्या ओटीत सोडली माझ्या राजाने? माझ्या!" मुलं टाळ्या वाजवतात. मला अजूनही पोटात दुखतं. तोंड उघडायचं म्हटलं तर एक वाक्य पुरेल. भाऊ समोर बसलेला असतो, पन्नाशी गाठलेला, टक्कल पडलेला. तो माझ्याकडे बघत नाही. ताटाआड उजवी मूठ वळतो आणि तशीच मिटून ठेवतो.